बटाट्याचा नैवेद्य

अट्रॅक्टा गिलहूली जानेवारीत वारली.
तिच्या पुतण्याने केळ्यांच्या तीन खोक्यांत भरून
तिची पुस्तकं टबरकरीच्या ग्रंथालयात आणून टाकली,
आणि डिम्प्नाबाई मला म्हणाल्या, "लाव.
इतिहास इकडे, अध्यात्म तिकडे, उरलेलं रद्दीत."

सोपं वाटलं.
पहिल्याच पुस्तकावर चंदेरी गाठ,
जिला सुरुवात नाही, शेवट नाही,
आणि आत तशीच वाक्यं.
'प्राचीन केल्ट मानत असत की' —
कोण? कुठले? कुठल्या शतकातले?
गॉलमधले, की आमच्या या ओल्या डोंगरामागचे?
तळटीप सांगते: परंपरेनुसार.
परंपरेला पत्ता नाही.

मी पुस्तक मागून वाचते.
जत्रेत घोडा घेणारा आधी दात बघतो,
तशी संदर्भसूची.
अकरा पुस्तकं, सगळी एकमेकांची नावं घेणारी,
एकाच विहिरीचं पाणी अकरा घागरींत.
हस्तलिखिताचा क्रमांक एकही नाही.

पान एकशे बारा:
ख्रिस्ताच्या आधी चारशे वर्षं,
सुगीच्या रात्री, भूमातेला बटाट्याचा नैवेद्य.
मी मोठ्याने हसले. वाचनकक्षातले दोघे म्हातारे वळले.
बटाटा तेव्हा दुसऱ्याच खंडात मातीखाली होता,
समुद्र ओलांडायला त्याला
अजून जवळजवळ दोन हजार वर्षं होती.
पुढे झाडांचं पंचांग. तेरा महिने, तेरा झाडं,
आणि एकालाही ना शेंडा ना बुडखा.

खरं आहे ते फार थोडं, आणि तेही तुटक बोलतं.
ड्रुइडांनी लिहायचंच नाही असं ठरवलं होतं,
आणि हे आपल्याला सांगतो कोण,
तर त्यांना जिंकायला निघालेला रोमचा सेनापती.
मग भिक्षू आले. वासराच्या कातड्यावर
त्यांनी जुन्या देवांचे राजे केले, देवींच्या राण्या,
आणि समासात कुणीतरी कुरकुरलं:
शाई पातळ आहे, हात गारठलाय.
दगडाच्या धारेवरच्या रेघा वाचाव्यात,
तर अमक्याचा, तमक्याच्या मुलाचा. संपलं.

नदीचं मूळ, ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात.
मला तर पगारच त्याचा मिळतो.

रद्दीच्या गठ्ठ्यावर टाकलं, ते उघडंच पडलं.
समासात पेन्सिल. अट्रॅक्टाचं तिरकं अक्षर:
"असं नव्हतं.
आई जानेवारीच्या शेवटच्या रात्री
मागच्या कुंपणावर फडकं टाकायची, ब्रिजिडसाठी.
सकाळी दवाने भिजलेलं घडी करून कपाटात.
माझं डोकं दुखलं की ते. गाय अडली की तेच.
मंत्र वगैरे काही नाही. आई गप्पच असायची. १९५१."

साल आहे. कुंपण आहे. पाहणारी आहे.
तीनशे पानांत एवढंच,
आणि तेही पुस्तकाशी भांडताना लिहिलेलं.

पान उलटलं.
'पाच हजार वर्षांपूर्वीची निद्रा-प्रार्थना',
जिची भाषा माझ्या जन्मानंतरची.
खाली पुन्हा पेन्सिल, या वेळी दाबून:
"मॅलॅकीला वाचून दाखवली, स्लायगोच्या इस्पितळात.
खोटी आहे हे त्यालाही माहीत.
म्हणाला, पुन्हा वाच.
झोपला."

डिम्प्नाबाईंनी दारातून विचारलं, "झालं का?"
"एक राहिलंय."

लेखकाच्या रकान्यात मी लिहिलं: गिलहूली, अट्रॅक्टा.
विषय: स्थानिक इतिहास. माध्यम: पेन्सिल.
छापील मजकुरापुढे 'अविश्वसनीय' लिहिलं,
आणि ते तसंच ठेवलं.
मॅलॅकीच्या झोपेला
आमच्या नोंदवहीत रकाना नाही.
थोडा वेळ पेन धरून बसले.
हात गारठला होता.
हीटर इथे पाचलाच बंद करतात.